कोरलने मोडलेला रस्ता

आमच्या बुलारीत माणसं एकेचाळीस, कुत्री त्याहून जास्त, आणि छाती फुगवून सांगावं असं माणूस एकच: कोरल हॅनिगन. ती हे वाचणार नाही. वाचलंच तर म्हणेल, "ग्लेनिस, तुला दुसरे उद्योग नाहीत का गं?" नाहीत. तीस वर्षं मी इथला बार आणि खानावळ चालवते. बडबड हा त्या धंद्याचा अर्धा भाग आहे. तेव्हा आज मी बोलणार, आणि ज्याला ऐकायचं नसेल त्याने आपला ग्लास उचलून बाहेर जाऊन बसावं.

कोरल ग्रेडर चालवते. पोटाखाली बारा फुटी पातं असलेलं ते पिवळं धूड, रस्त्याची माती तासून सारखी करणारं. बुलारीपासून गिंडाबीपर्यंत नव्वद किलोमीटरचा कच्चा रस्ता, सगळी काळी माती. कोरडी असली की दगड आणि भिजली की डिंक. कौन्सिलच्या कागदावर त्या रस्त्याला एक नंबर आहे. तो कुणाच्या लक्षात नाही, कारण आम्ही सगळे त्याला कोरलचा रस्ता म्हणतो.

एकोणीस वर्षांची असताना ती इथे आली, मेंढ्यांच्या एका फार्मवर स्वयंपाकाला. स्वयंपाक तिचा भयंकर होता, अजूनही आहे. केव्ह हॅनिगनने तो मान खाली घालून खाल्ला आणि पुन्हा वाढून घेतला, तेव्हाच आम्ही म्हटलं, संपला हा बिचारा. लग्न झालं. ग्रेडरवर तेव्हा केव्ह होता. तो पुढे यंत्रावर, ही मागे चाकांवरच्या घरात, असे आठवडेच्या आठवडे दोघं रस्त्यावरच राहायची. मूलबाळ झालं नाही. संध्याकाळी काम थांबलं की केव्ह तिला सीटवर बसवायचा आणि आपण पायरीवर उभा राहून शिकवायचा.

ती चौतीस वर्षांची असताना तो गेला. त्रेसष्टाव्या किलोमीटरला, यंत्र चालू असताना, छाती धरून. शुक्रवारी आम्ही त्याला पुरलं. सोमवारी कौन्सिलचा मुकादम नवा माणूस घेऊन आला, तर ग्रेडर जागेवर नाही. कोरल पहाटेच घेऊन गेली होती. मुकादम तणतणत मागे गेला, तर बाईसाहेब त्रेसष्टाव्या किलोमीटरला, केव्हने अर्धवट सोडलेला तुकडा पुरा करताहेत.

"खाली उतर!" मुकादम ओरडला. "हे बायकांचं काम नाही!"

"एवढी बाजू होऊ दे," कोरल म्हणाली.

ती बाजू संध्याकाळपर्यंत चालली. मुकादमाने त्यावरून आपली गाडी एकदा नेली, एकदा आणली, आणि नव्या माणसाला परत घेऊन गेला. या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली.

कोरल बोलते कमी, पण एका गोष्टीवरून तिच्या अंगाचा तिळपापड होतो. ओल्या रस्त्यावर गाडी घालणारा माणूस तिच्या लेखी चोर. एक गाडी गेली की गुडघाभर चाकोऱ्या पडतात, वर ऊन पडलं की त्या विटेसारख्या भाजून निघतात, आणि मग वर्षभर गावाचे दात खिळखिळे होतात. एकदा मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याने असाच ओल्यात शहाणपणा केला. कोरलने त्याला गाडीतून उतरवलं, हातात फावडं दिलं आणि त्याच्या चाकोऱ्या त्याच्याकडूनच बुजवून घेतल्या. तो घाम पुसत म्हणाला, "बाई, मी कोण आहे माहीत आहे का?" कोरल म्हणाली, "हो. डावीकडचं राहिलंय."

रस्ता चालू की बंद हे सांगणारी पाटी माझ्या दारात आहे. फिरवायची पत्र्याची फळी, एका बाजूला हिरवी, दुसऱ्या बाजूला लाल. कोरलने रेडिओवर सांगायचं आणि मी फिरवायची. तीस वर्षांत माझ्याकडे एवढंच एक सरकारी काम, आणि त्याचा मला कोण तोरा!

आता गेल्या जुलैची गोष्ट. कौन्सिलमध्ये नवा इंजिनियर आला होता, प्रेस्कॉट नावाचा, तिशीतला, बूट असे चकचकीत की त्यात तोंड पाहावं. त्याचं पत्र आलं: मंगळवारी रस्ता तपासायला येतो. पसंत पडला तर ठीक, नाहीतर रस्त्याचं काम किनाऱ्याकडच्या एका कंपनीला द्यायचं आणि ग्रेडर परत न्यायचा. म्हणजे कोरलने एकसष्टाव्या वर्षी काय करायचं? माझ्याकडे येऊन बटाटे सोलायचे? मी तेच म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या हाताखाली? त्यापेक्षा त्रेसष्टाव्या किलोमीटरला पुरा मला."

तीन आठवडे ती रस्त्यावरून हलली नाही. बेचाळीस ते पन्नास हा तुकडा सगळ्यात वाईट होता. तो तिने मुळापासून उकरून नव्याने बांधला, मधे उंच, दोन्ही अंगांना उतार, पाणी कुठे थांबायलाच नको. गुरुवारी संध्याकाळी ग्रेडर गावच्या आवारात लावून ती बारमध्ये आली, एक बिअर प्यायली आणि म्हणाली, "झाला." कोरलच्या मानाने हे भाषणच. आम्ही सगळ्यांनी ग्लास आपटून टाळ्या वाजवल्या, आणि म्हातारी लाजली.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला रेडिओवर तिचा आवाज आला.

"ग्लेनिस, रात्री तिसापासून पन्नासपर्यंत पाऊस झालाय. पाटी लाल कर."

"करते, करते."

आणि नाही केली. का, तर भट्टीत मटणाचे पाय होते, म्हणजे बकऱ्याचे पाय नव्हेत, कणकेच्या पारीत मांस भरून भाजतो ते इंग्रजी पाय. ते करपत होते. आणि खिडकीतून पाहिलं तर आभाळ निळंशार, अंगणात धूळ. आमच्याकडे पाऊस असाच पडतो, शेजाऱ्याच्या घरी पडावा आणि आपल्याकडे थेंब नसावा. हे मला ठाऊक नाही का? जन्म गेला इथे. तरी माझ्या मनाने घेतलं, इथे कोरडं आहे ना, मग होईल सावकाश.

साडेसातला एक जुनी छोटी गाडी दारात थांबली. शहरातली, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. आत दोन बायका. चालवणारी पन्नाशीची, डेलिस नाव, आणि शेजारी तिची आई आयव्ही, सत्तरीच्या पुढची. आयव्ही मूळची गिंडाबीचीच, तिथल्या मूळ लोकांतली, पण चाळीस वर्षं शहरात, म्हणून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. काळा झगा, मांडीवर काळी टोपी. मी चहा दिला.

"कुठे, मावशी?"

"गिंडाबीला. माझ्या बहिणीला आज पुरायचं आहे. दोन वाजता." बहिणीचं नाव तिने घेतलं नाही. त्यांच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. "मी सगळ्यांत मोठी. मी गेल्याशिवाय माती लोटता येत नाही. आणि पाद्री तीन वाजता निघून जाणार, त्याला पुढे दुसरं गाव आहे."

"रस्ता कसा आहे हो?" डेलिसने विचारलं.

आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, काय म्हणाले असेन? "रस्ता? अगं, आमच्या कोरलने कालच पुरा केलाय. लोण्यासारखा! चहा पीत पीत जा." पाटी हिरवी होतीच. त्या गेल्या. मी हात हलवून निरोपसुद्धा दिला.

नऊ वाजता भांडी घासताना मला पाटी आठवली आणि पाचावर धारण बसली. पळत जाऊन फळी फिरवली. पण लाल कुणासाठी? गाडी तर गेलेली. तेवढ्यात रेडिओ खरखरला. अडतिसाव्या किलोमीटरजवळच्या फार्मवरचा माणूस, रेनर, मोटरसायकलवर कुंपण पाहत फिरत होता, त्याचा आवाज.

"इथे एक छोटी गाडी आसापर्यंत रुतलीय. दोन बायका आहेत. क्लच जाळून बसल्यात, जळका वास येतोय. गिंडाबीहून त्यांना न्यायला जीप निघाली होती, ती पुढे नाल्यात आडवी झालीय. एक म्हातारी चिखलात उभी आहे, काळ्या झग्यात. गाडीत बस म्हटलं तर बसत नाही."

मी काही बोलायच्या आत कोरल बोलली. ती ऐकतच होती. "बायका ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. पाणी, खाणं आहे. दोन दिवसांत वाळेल, मग निघतील."

"दोन दिवसांत नाही चालणार," मी मधे पडले, आणि दोन वाजताचं सगळं सांगून टाकलं. पाटीचं नाही सांगितलं. ते तिला सांगायची गरजच नव्हती.

मग ती म्हणाली, "निघते."

पहिले तीस किलोमीटर कोरडे होते. त्याच्यापुढे तिने आपल्या अठरा टनांच्या यंत्राचं पहिलं चाक आपल्या ओल्या रस्त्यावर घातलं. ज्या बाईने पुढाऱ्याला फावडं धरायला लावलं, तिने. रेनर तिथे होता, तो सांगतो, ग्रेडरच्या मागे दोन खंदक पडत येत होते, आणि कोरल एकदाही मागे वळून पाहत नव्हती.

सव्वाअकराला ती गाडीपाशी पोहोचली. आता ऐका. मागे ओढून गावात आणली असती तर आठच किलोमीटर ओलं होतं, आणि तेही तिने आधीच मोडलेलं. बायकांचा जीव सुरक्षित, गाडी सुरक्षित, आणि नवा बांधलेला तुकडा जसाच्या तसा. कुणी एक शब्द बोललं नसतं. पुढे मात्र बारा किलोमीटर ओले, आणि त्यात ते बेचाळीस ते पन्नास.

डेलिसने मला नंतर सांगितलं, ती उतरली, कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. साखळी लावताना म्हातारीकडे पाहिलं आणि विचारलं, "बहीण?"

"धाकटी," आयव्ही म्हणाली.

"बसा गाडीत. ब्रेकवर पाय ठेवू नका, मी थांबले तरच ठेवा."

"मागे नेणार ना?" डेलिस म्हणाली. "आमच्यामुळे तुमचा रस्ता..."

"माझा रस्ता मला ठाऊक आहे. बस तू."

मी रेडिओला कान लावून बसले होते. बार भरत चालला होता, पण कुणी काही मागत नव्हतं. बेचाळीस आलं तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही.

"कोरल, अगं, मंगळवार!"

"ग्लेनिस, रेडिओ मोकळा ठेव."

वाटेत तिने नाल्यातली जीपही काढून दिली. पन्नासानंतर कोरडं लागलं. तिथे साखळी सोडून, तुमचं तुम्ही बघा, म्हणता आलं असतं, पण क्लच जळालेली गाडी काय बघणार? जीपचा आस वाकला होता, तीही कामाची नव्हती. तिने दोघींना त्यांच्या गाडीसकट तसंच ओढत नेलं.

गिंडाबीचं कब्रस्तान रस्त्याला लागूनच आहे. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दोनशे माणूस उभं होतं, आणि पाद्री घड्याळ पाहत होता. आणि तिकडून धूळ उडवत, चिखलाने माखलेला पिवळा ग्रेडर पायी चालण्याच्या वेगाने आला, मागे साखळीला ती चिमुकली गाडी. कोरलचा बेत होता की फाटकात सोडायचं आणि वळायचं. पण पुरुषांनी टोप्या काढल्या. सगळ्यांनी. शवपेटी खांद्यावर घेतलेले लोक बाजूला झाले आणि त्यांनी तिला वाट दिली. आयव्ही उतरली, टोपी डोक्यावर नीट बसवली, आणि पुढे जाण्याऐवजी ग्रेडरपाशी आली.

"खाली उतर," ती कोरलला म्हणाली. "माझ्याबरोबर चल."

"माझे बूट बघा, मावशी. मी अशी कशी येऊ?"

"माझे बघ," आयव्ही म्हणाली. तिचेही चिखलाने भरलेले होते.

दोघी हात धरून खड्ड्यापर्यंत गेल्या. सगळ्यांत मोठीने पहिली मूठ टाकली, आणि मग दुसरी मूठ कोरलच्या हातात दिली. परक्या बाईला तो मान त्यांच्यात कुणी देत नाही. हे मला डेलिसने सांगितलं, म्हणून कळलं. कोरलने फक्त एवढंच सांगितलं, "जेवण चांगलं होतं."

मंगळवारी प्रेस्कॉट आला. शनिवार, रविवार, सोमवार कडक ऊन पडलं होतं. तिसापासून पन्नासपर्यंत चाकोऱ्या भाजून वीट झाल्या होत्या. त्याची गाडी गुडघे मोडल्यासारखी आदळत गेली आणि तशीच परत आली. दुपारी तो गावच्या सभागृहात बसला, समोर कागद, आणि सगळं गाव भिंतीला टेकून उभं. कोरल पुढच्या खुर्चीवर, केस विंचरून, स्वच्छ शर्ट घालून.

"हॅनिगनबाई," तो म्हणाला, "सरळ विचारतो. ती गाडी रस्त्यावर गेली तेव्हा पाटी लाल होती का? लाल असेल तर दंड त्या गाडीला. मला तिचा नंबर लागेल."

"पाटी हिरवी होती," कोरल म्हणाली. "ग्लेनिसला सांगायचं माझ्याकडून राहिलं."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. बेचाळीस वर्षांत या बाईने खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आता बोलली ती कुणासाठी? आयव्हीवर दंड येऊ नये म्हणून पाटी हिरवी म्हणाली, ते खरंच होतं. पण उरलेलं माझ्यासाठी. मी मूग गिळून बसले असते तर कुणालाही कधी कळलं नसतं. आणि चूक कबूल करणं माझ्या स्वभावात नाही, हे या गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. लेस, माझा नवरा, पस्तीस वर्षं वाट पाहून मेला.

"खोटं बोलतेय ती!" मी ओरडले. एवढ्या जोरात की प्रेस्कॉटचं पेन पडलं. "साडेसहाला तिने मला सांगितलं होतं. मी फिरवली नाही. आणि वर त्या बायकांना म्हटलं, रस्ता लोण्यासारखा आहे, जा. दंड करायचा तर मला कर, पाटी काढून घ्यायची तर घे. आणि तू गं," मी कोरलकडे वळले, "उभ्या जन्मात एकदा खोटं बोललीस, तेही धड जमलं नाही तुला. कान बघ तुझे, लालभडक झालेत!"

सगळे हसले. कोरल हसली नाही. "बस खाली, ग्लेनिस," ती म्हणाली, पण हळू.

प्रेस्कॉटने पेन उचललं. मला वाटलं, आता हा माझ्यावर घसरणार. पण तो माझ्याकडे पाहतच नव्हता.

"पाटीचं राहू द्या," तो कोरलला म्हणाला. "मला दुसरंच कळत नाहीये. मी मोजून आलो. तुम्ही गाडी मागे ओढली असतीत तर नवा तुकडा वाचला असता. त्या तुकड्यावरच तर मी आज निर्णय देणार होतो. घाईत मंगळवार विसरलात का?"

"नाही."

"म्हणजे, लक्षात होता?"

"सबंध वाटभर दुसरं काही डोक्यात नव्हतंच," कोरल म्हणाली.

"रस्ता हातचा जाणार हे माहीत असून पुढे नेलीत?"

कोरलने आपल्या हातांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, त्याची कीव आल्यासारखं.

"अरे बाळा, तिची बहीण एकदाच पुरायची होती. रस्ता काय, मी पुन्हा करीन."

प्रेस्कॉटने कागद एकावर एक ठेवले, सारखे केले, पुन्हा केले.

"किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

"नऊ."

"मी दहाव्या दिवशी येतो."

तो दहाव्या दिवशी आला. कोरलचं काम आठव्याच दिवशी संपलं होतं, आणि रस्ता आजही तिच्याचकडे आहे.